रांधणारीची मूठ

भटू, तुझं नेट गेलं नव्हतं.

तुझ्या कंपनीतल्या सगळ्यांना मात्र तेच वाटलं. पुण्याहून रुचाचा फोन आला तेव्हा मी खाली कांडपावर होते. तोंडाला फडकं, समोर मिरचीचं पोतं, मशीनचा दणदणाट. "काकू, दादांचं नेट गेलंय बहुतेक. आम्ही सगळे खेळात थांबलोय. जरा वर जाऊन सांगता का?" तुमच्या खेळाची चाचणी चालू होती. तू आमच्या माडीवर, ती पुण्यात, बाकीचे आपापल्या गावी, आणि पडद्यावर सगळ्यांची माणसं एकाच चुलीभोवती. तुझा माणूस हातात पळी घेऊन उभा होता आणि हलत नव्हता. पोरं त्याला चिडवत होती म्हणे. दादा झोपले. दादांचं वरण करपलं.

मी मशीन बंद केलं आणि चालू फोन हातात घेऊनच जिना चढले. तुझ्या त्या नेटच्या डबीचा हिरवा दिवा लागलेला होता. पंखा फिरत होता. तू खुर्चीत होतास, मान डावीकडे कललेली, कानाला हेडफोन. त्यातून बारीक आवाज येत होते, "दादा, ओ दादा."

मी तुला हलवलं. मग जोरात हलवलं. मग नानांना हाका मारल्या. नाना म्हणजे तुझे थोरले भाऊ, माझे यजमान. तुला सांगायची गरज नाही, वाचणाऱ्यांसाठी सांगते. समोरच्या दुकानातले मोटार दुरुस्तीवाले सलीमभाई अनवाणी धावत आले. दोघांनी तुला त्या अरुंद जिन्यातून खाली नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी धडपड केली आणि शेवटी म्हणाले, हृदय.

कुणाचं हृदय? चाळिशी न गाठलेल्याचं? तुला सुपारीचंही व्यसन नव्हतं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, दिवसभर मिरचीची धूळ नाकातोंडात, आणि मी ठणठणीत. मी उभी आहे आणि तू नाहीस. हे कसं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. "देवाची मर्जी" म्हणणारे पुष्कळ येऊन चहा पिऊन गेले.

फोन मी बंद केलाच नव्हता. माझ्या हाका, सलीमभाईंचं "धीरे, धीरे, सिर संभालो", सगळं रुचाने ऐकलं. त्या पोरीच्या कानावर ते पडायला नको होतं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, दिराला भाऊजी म्हणायचं, मान द्यायचा. तू पाचवीत होतास. नाक वाहत होतं आणि चड्डीचं एक बटण तुटलेलं होतं. मी आठवडाभर तुला भाऊजी म्हटलं. मग एकदा तू माझ्या नव्या पातेल्यात बेडकाची पिल्लं आणून ठेवलीस आणि माझ्या तोंडून "भट्या!" निघालं ते निघालं. भाऊजी तिथेच संपला. तू मात्र मला शेवटपर्यंत वैनीच म्हणत राहिलास, आणि कंपनीच्या साहेबांसमोरसुद्धा माझ्याशी अहिराणीतच बोललास. बोलणं चालू असताना मी चहा घेऊन आले की तू पडद्याला सांगायचास, "एक मिनिट, माझी हायकमांड आली."

शिकून पुण्याला गेलास, तिथे खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागलास आणि एक दिवस संगणकाची खोकी घेऊन परत नंदुरबारला आलास. आता काम घरूनच, म्हणालास. नानांना वाटलं नोकरी गेली. गल्लीला वाटलं मुलीचं प्रकरण. मला वाटलं पुण्याचं जेवण बाधलं. खरं कारण तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तू माडीवर राहिलास, जेवायला खाली येत राहिलास, एवढं मला पुरेसं होतं.

मग तो खेळ सुरू झाला. "नऊ चुली." मी टीव्हीवरची मालिकासुद्धा धड बघत नाही, मला खेळात काय कळणार? पण चहा द्यायला जायचे आणि तू बसवून घ्यायचास. हळूहळू कळत गेलं. एक जादूचा डोंगरी मुलूख. त्यात नऊ चुली. जगातून कुठूनही माणसं येणार, एकेका चुलीला धरून राहणार, एकत्र शिकार करणार, दुसऱ्या चुलींशी भांडणार, सोयरीक करणार. तलवारीने फारसं काही होत नाही, बियांनी होतं. कुठलं बी कुठल्या मातीत टाकलं की काय उगवतं, हे ज्याला उमगलं तो जादूगार. डोंगरात दूर गेलं की लिहून बोलता येत नाही, ढोल वाजवून निरोप द्यावा लागतो आणि ढोलाची भाषा ज्याची त्याने शिकायची.

"इतकी कटकट करून कोण खेळेल?" मी विचारलं.

"तू रोज मिरची कांडस ते काय कमी कटकट शे?" तू म्हणालास.

नंदुरबारच्या बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या असतात, ती पथारी तू त्यात घातलीस. मैलोन्‌मैल लाल माळ. वारा सुटला की तिथे खेळणाऱ्याला दिसेनासं होतं, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या माळावर एक अक्राळविक्राळ जनावर. त्याचं नाव ठसका. त्याचा आवाज तू आमच्या कांडप यंत्रावरून घेतलास. पहिल्यांदा ऐकवलास तेव्हा मी ताडकन उठले, वाटलं खाली कुणीतरी मशीन चालू केलं. तू हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिलास. "वैनी, परदेशना पोरे तुन्हा कांडपना डंकाले घाबरीसन पळतीन."

आणि त्यात मला घातलंस. चुलीपाशी बसणारी, तोंडावर फडकं ओढलेली बाई. दंड पैलवानाचे.

"माझे हात इतके जाड नाहीत," मी म्हटलं.

"आरसा दाखाडू का?"

माझ्या नावाने तू त्यात खातं उघडलंस आणि दोनदा मला खेळायला बसवलंस. दोन्ही वेळा मी झाडावर जाऊन आदळले.

आपले दोन वाद राहिले, भटू. पहिला मरणाचा. तुझ्या खेळात माणूस मेला की थोड्या वेळाने आपल्या चुलीपाशी परत उठतो, ताकद जरा कमी, बाकी तोच. मला ते पटलंच नाही. "मरी जास त्याले परत कसाले आणस?" मी म्हटलं. परत येणारच असेल तर जपायचं कशाला? कुणी कुणाच्या मदतीला धावेलच का? तुझं उत्तर ठरलेलं. "लोके खेळाले येतस वैनी, मराले नही." जेवताना, भाजी निवडताना, सलीमभाई मशीनचा बेल्ट बदलत असताना, हाच वाद. सलीमभाई एकदा म्हणाले, "भाभी, इसको मरने दो, ना मरने दो, पहले मुझे पाना दो."

आता मी ते वाक्य आठवते आणि हातातलं काम थांबतं. आपण किती सहज बोलत होतो. मरणारा, मेलेला, मरू दे. रोज. ताटावर बसून.

दुसरा वाद मुठीचा. तो गेल्या श्रावणात सुरू झाला. आपल्या कानबाईच्या, म्हणजे कुळाच्या देवीच्या, रोटांना सगळी भाऊबंदकी गावी, ब्राह्मणपुरीला जमली होती. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेर कणभरही द्यायचे नाहीत. तुला हे लहानपणापासून माहीत. पण त्या दिवशी तू मोबाइल घेऊन परातीपाशी बसलास आणि एकेक मूठ पडताना बघत राहिलास. आबाकाका, आपल्या भाऊबंदकीतले सर्वांत वडील, नावं घेत होते. नानांची मूठ पडली, तुझी पडली, मुंबईला असलेल्या चुलतभावाची पडली, पाळण्यातल्या त्याच्या मुलाचीही पडली. मूठ टाकणारी मी. तू एकदम विचारलंस, "वैनी, तुन्ही मूठ कोठे शे?"

आबाकाका हसले. "बाईनी मूठ नही ऱ्हास रे. ती रांधस."

तू मोबाइल खिशात घातलास. मला वाटलं, विसरलास. परत आल्यावर आठवडाभर खाली फिरकला नाहीस, ताट वर मागवलंस आणि मग मला बोलावून दाखवलंस. नऊ चुलींत आता रोट आला होता. मोठ्या मोहिमेला निघण्याआधी प्रत्येक चुलीने रोट भाजायचा. चुलीतल्या प्रत्येकाच्या नावाने एक मूठ. ज्याची मूठ घातली तो जेवायला हजर नसेल तर रोट कच्चाच राहतो, कुणालाच डोंगर चढायची ताकद मिळत नाही. म्हणजे कुणाला मागे टाकून जाता येत नाही. थांबावं लागतं, शोधायला जावं लागतं. तुझ्या साहेबांना ते फार आवडलं होतं. असं कुठल्याच खेळात नाही, म्हणाले.

मलाही आवडलं होतं. मी तेव्हा बोलले नाही कारण पुढचं वाचलं. रांधणारीला मूठ नाही. ती डोंगर चढत नाही, चुलीपाशी राहते.

"हे कुठून आणलंस?"

"आपल्या घरून."

"घरातलं सगळं उचलायलाच हवं का? घरात ढेकूणही आहेत."

तू मला समजावत बसलास. मूठ नाही, पण मूठ घालणारी तीच. कुणाची मूठ काढायची तर तीच काढू शकते, दुसरा कुणी नाही. सगळ्या चुलीत सर्वांत मोठा अधिकार तिचा. मी म्हटलं, अधिकार तुला ठेव, मला मूठ दे. तू म्हणालास, मग तू डोंगरावर जाशील आणि मागे विस्तव विझेल, विस्तव विझला की चूल संपली. खेळाचं गणितच मोडतं. मी म्हटलं, तुम्ही पाळीपाळीने बसा की विस्तवापाशी. तू खूप वेळ पेन्सिल दाताने चावलीस आणि म्हणालास, "इचार करस."

विचार करतो. एवढंच. त्यावर तू पुन्हा काही बोलला नाहीस आणि मसाल्याचे दिवस सुरू झाल्यावर मलाही वेळ मिळाला नाही. मी धरून चालले होते की तू आहेसच, माडीवर.

तेरावं झाल्यावर रुचाचा परत फोन आला. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं. काकू जेवता ना, काका कसे आहेत. मी म्हटलं, काम काय ते सांग. तेव्हा सांगितलं. चाचणी अडकली आहे. तुझ्या चुलीत तुझी मूठ पडलेली, तू हजर नाहीस, रोट कच्चा. तिथून पुढे काही होत नाही, आणि पुढचं तपासल्याशिवाय खेळ लोकांसाठी उघडता येत नाही. ही सगळी पोरं किती काळ त्यासाठी खपली, ते मी माडीवर बघितलेलं आहे. तुझं नाव आतून पुसून टाकता येईल, ती म्हणाली, पण तसं करायला कुणाचा हात होत नाही. एकाने प्रयत्न केला आणि उठून गेला. मग तिला आठवलं, नियमाप्रमाणे ते काम त्या चुलीच्या रांधणारीचं आहे, म्हणजे माझं.

"नाही म्हणालात तरी चालेल, काकू."

"मंगळवारी कांडप बंद असतं," मी म्हटलं. "दुपारी कर फोन."

फोन ठेवला आणि मी मिरचीच्या पोत्यावर बसले. प्रेत बघितलं तेव्हा बसले नव्हते. तुझे कपडे वाटून टाकताना नाही. नाना म्हणाले, काय झालं, आणि मला सांगता येईना. नवऱ्याला काय सांगू? मंगळवारी मला भटूची मूठ काढायची आहे?

मंगळवारी आम्ही माडीवर गेलो. नाना दाराशी स्टुलावर बसले, पडद्याकडे पाठ करून. तुझ्या खुर्चीत मी बसले नाही, स्वयंपाकघरातून वेगळी आणली. रुचा फोनवरून एकेक सांगत गेली आणि चूल उघडली. सगळे होते, आपापल्या जागी गोल बसलेले. तू पळी घेऊन उभा. तसाच. तुझ्या माणसाला तू खांदे जरा पडके दिले होतेस, स्वतःसारखे, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"काकू, एक विचारू?" रुचा म्हणाली. "रांधणारीच्या मुठीचं दादांनी ठरवलंच नाही. आता ठरवावं लागेल. तुम्ही म्हणाल तसं करायचं, असं सगळ्यांचं मत आहे. घालू तुमची मूठ?"

माझ्या मनात आलं, घाल. इतके महिने हेच मागत होते. पण तू त्या पडद्यात गप्प उभा होतास आणि पेन्सिल चावत नव्हतास. मला वाद तुझ्याशी जिंकायचा होता, भटू. तुझ्या माघारी नाही.

"तो नाही म्हणाला असता," मी म्हटलं.

"हो. बहुतेक नाहीच."

"मग जेवायला आला असता आणि मी परत तेच काढलं असतं. तर असं कर. आमचं भांडणच खेळात ठेव. रांधणारीने मूठ मागायची. चुलीतल्यांनी बसून ठरवायचं, विस्तव कोण कधी सांभाळणार. ठरेपर्यंत रोट कच्चा. ज्यांना जमेल ते डोंगर चढतील, ज्यांना नाही ते बसतील भांडत."

रुचा म्हणाली, "काकू, हे खेळात फार छान होईल." आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडून झालं की पुढचं सांग.

पुढे तुझं नाव होतं. नावापुढे गव्हाची छोटी रास. त्यावर बोट ठेवलं की खेळ विचारतो, ही मूठ काढायची? आणि खाली तू लिहून ठेवलेलं: काढलेली मूठ परत घालता येणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. तुझ्या खेळात सगळं परत येतं. माणसं येतात, जनावरं येतात, जळालेलं रान चार पावसांत उभं राहतं. फक्त हे येत नाही.

"रुचा, हे आधीपासून होतं?"

"नाही, मागाहून घातलं त्यांनी. आम्ही नको म्हणत होतो. ते म्हणाले, वहिनीचं एक तरी ऐकू द्या."

मला सांगितलं का नाहीस? जिना उतरून येऊन एकदा म्हणायचंस, वैनी, ते मरणाचं तुझं पटलं. मी काही मोठा दिमाख केला नसता. थोडासा केला असता.

मी हो दाबलं.

तुझ्या माणसाने पळी खाली ठेवली आणि तो चुलीपासून वळून चालायला लागला. रुचा म्हणाली, असं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं, आजवर कुणी कुणाची मूठ काढलीच नव्हती. आणि मग गोलात बसलेले एकेक उठले. कुणी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या मागे चालायला लागले, रांगेने, लाल माळाच्या कडेकडेने.

"काकू, तुम्हीपण चला ना. वरचा बाण दाबून धरा."

तुला खरंच नेलं तेव्हा आम्हा बायकांना ओट्याच्या पायरीवरच थांबवलं होतं. तशी रीत आहे आणि मी रीत मोडणाऱ्यांतली नाही. गल्लीच्या वळणापर्यंत नानांची टोपी दिसली, मग तीही नाही. मी आत जाऊन जमीन पुसायला घेतली होती.

मी बाण दाबून धरला. ती जाड हातांची बाई उठली आणि चालू लागली. एका झाडावर आदळले, रुचाने सांगितलं तसं डावीकडून वळवलं. पोरांची माणसं बाजूला झाली, मला पुढे जाऊ दिलं. आता माझ्यापुढे फक्त तू होतास. दारातून नाना म्हणाले, "कोठे गया तो?" ते अजून पाठ करूनच बसले होते.

"चढ चढतोय," मी म्हटलं.

टेकडीच्या माथ्यावर गवत संपलं आणि पुढे नुसता राखाडी रंग. नकाशा तिथवरच बनलाय, रुचा म्हणाली, तुम्हाला पुढे जाता येणार नाही, काकू. तू चालतच होतास.

"थांबू कशी?" मी विचारलं.

"काही नाही. बोट उचला."

मी थोडा वेळ तसंच दाबून धरलं. मग उचललं.